हिरे राजाचे, गाव कुणाचे?

एखाद्या गावाच्या भूमीत संपत्ती सापडली की त्या गावाचे भाग्य उजळते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. संपत्तीमागोमाग वस्ती येते, वस्तीमागोमाग बाजारपेठ येते आणि बाजारपेठ स्थिरावली की तिचा कारभार पाहणारी संस्था उभी राहते. नगरांच्या वाढीचा हाच क्रम आपण पाठ्यपुस्तकांतून शिकतो आणि शिकवतो. परंतु इतिहास पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने चालतोच असे नाही. ज्या गावाची भूमी अतिमोलाची ठरली, नेमके त्याच गावाला स्वतःचा कारभार पाहण्याचा अधिकार शंभर वर्षे मिळू नये, असेही घडलेले आहे. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशाच्या मिनास झेराइस राज्यात दियामांतिना नावाची एक लहानशी नगरपालिका आहे. तिची लोकसंख्या आजही पन्नास हजारांच्या आत आहे. तिचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. आणि गोमंतकाशी व आपल्या देशातील हिऱ्यांच्या व्यापाराशी त्याचे धागे जुळलेले असल्यामुळे तो आपल्याला वाटतो तितका परकाही नाही.

या गावाचे जुने नाव तेझुको. अठराव्या शतकाच्या आरंभी सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी डोंगराळ मुलखात वसवलेली ही खाणकामगारांची वस्ती होती. मिनास झेराइसच्या परिसरात सोने सापडू लागले ते १६९० नंतरच्या दशकात. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या रानावनात गावे उभी राहिली आणि त्यांतील काहींना पोर्तुगीज राजाने ‘विला’ म्हणजे सनदी नगराचा दर्जा दिला. तेझुकोच्या शेजारचे विला दो प्रिन्सिपे, म्हणजे आजचे सेर्रो, याला हा दर्जा १७१४ साली मिळाला. तेझुको त्याच्याच हद्दीतील एक वाडी म्हणून नोंदले गेले. त्या वेळी यात वावगे काहीच नव्हते. वावगे घडले ते पुढे.

कामारा म्हणजे काय

पोर्तुगीज साम्राज्यात विलाचा दर्जा ही केवळ मानाची गोष्ट नव्हती. हा दर्जा मिळाला की गावाला ‘कामारा’ म्हणजे नगरसभा मिळे. गावातील प्रतिष्ठित घरांतून निवडलेले सभासद आणि न्यायाधीश मिळून ही सभा बने. बाजारातील वजने-मापे तपासणे, धान्याचे भाव ठरवणे, रस्ते-पूल बांधणे, लहान कज्जे मिटवणे, स्थानिक पट्ट्या बसवणे ही तिची कामे. त्याहून महत्त्वाचा तिचा एक अधिकार असा की, गव्हर्नराला ओलांडून ती थेट लिस्बनला राजाकडे गाऱ्हाणे मांडू शकत असे. गावाच्या चौकात दगडी खांब रोवला जाई. तो या अधिकाराचे चिन्हही होता आणि गुन्हेगारांना शिक्षा देण्याची जागाही होती.

गोमंतकाच्या इतिहासाशी परिचय असणाऱ्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून जुन्या गोव्यात हीच संस्था नांदत होती. जुन्या गोव्यातील ‘हातकातरो खांब’ हा अशाच खांबांपैकी एक असावा, असे मानले जाते. ‘कामारा म्युनिसिपाल’ हे नाव तर गोव्यात १९६१ पर्यंत सरकारी कागदोपत्री टिकून होते. मांडवीच्या काठी आणि ब्राझीलच्या डोंगरात एकाच कायद्याच्या ग्रंथानुसार, १६०३ च्या फिलिपी संहितेनुसार, नगरांचा कारभार चालत असे. या संस्थेला लोकशाही म्हणणे अर्थातच धाडसाचे ठरेल. स्त्रिया, गुलाम, कारागीर आणि ज्यांच्या रक्तात ‘अशुद्धता’ मानली गेली असे असंख्य लोक तिच्या दाराबाहेरच होते. तरीसुद्धा राजसत्ता आणि प्रजा यांच्यामध्ये उभी राहणारी, स्वतःचे दप्तर आणि स्वतःचा आवाज असणारी ती एक संस्था होती, हे नाकारता येत नाही. तेझुकोला तीच मिळाली नाही.

गोवळकोंड्याचा मक्ता मोडतो

अठराव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीपर्यंत जगाला हिरे पुरवणारा प्रमुख देश एकच होता आणि तो म्हणजे हिंदुस्थान. गोवळकोंड्याच्या परिसरातील खाणींतून निघालेले हिरे सोळाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या बाजारातून युरोपात जात. गार्सिया द ओर्ता या गोव्यातील वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात हिऱ्यांची चर्चा केलेली आहे. अशा परिस्थितीत १७२९ साली मिनास झेराइसचा गव्हर्नर दों लोरेन्सो द आल्मेदा याने, तेझुकोच्या आसपासच्या ओढ्यांत हिरे सापडत असल्याचे लिस्बनला अधिकृतपणे कळवले. हे खडे त्याच्या कितीतरी आधीपासून तेथील लोकांच्या हाती लागत होते. पूर्वी हिंदुस्थानात चाकरी केलेल्या या गव्हर्नराला ते काय आहेत हे लवकर ओळखता आले असले पाहिजे आणि त्याने ही बातमी काही काळ मुद्दाम दडवून ठेवली, असा संशय पुढे इतिहासकारांनी घेतलेला आहे.

या बातमीने युरोपातील हिऱ्यांचा बाजार हादरला. हिंदी हिऱ्यांचा साठा बाळगून बसलेल्या व्यापाऱ्यांनी, ब्राझीलचे हिरे म्हणजे गोव्याहून तिकडे नेलेला हिणकस माल आहे, अशी आवई उठवल्याचे सांगितले जाते. उलट पोर्तुगीजांनी ब्राझीलचे हिरे गोव्यास धाडून ‘हिंदी’ म्हणून विकले, अशीही कथा आहे. आवया काहीही असोत, भाव कोसळले हे खरे. येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक जुनी गोष्ट नव्याने आढळेल. हिऱ्याची किंमत त्याच्या उपयोगात नसते, दुर्मिळतेत असते. ओढ्यातील वाळू उपसली की हिरा मिळतो, हे जगाला कळले की हिऱ्याचे हिरेपण संपते. म्हणून हिरे काढणे हा पोर्तुगीज दरबारापुढचा मुख्य प्रश्न उरला नाही. हिरे बेताने कसे काढावेत आणि बाकीच्यांना ते काढण्यापासून कसे रोखावे, हा प्रश्न झाला.

या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणजे डोईपट्टी. खाणीवर लावलेल्या प्रत्येक गुलामामागे मालकाने भरावयाचा हा कर काही वर्षांतच अनेक पटींनी वाढवला गेला. तेवढ्याने भागेना, तेव्हा १७३४ साली तेझुकोभोवतीच्या प्रदेशाची सीमा आखून ‘हिरे जिल्हा’ निर्माण करण्यात आला आणि त्यावर ‘इंतेंदेंत’ नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमण्यात आला. खाणकाम पूर्ण बंद झाले. पाच वर्षांहून अधिक काळ, केवळ युरोपातील भाव सावरावेत म्हणून, एका संपूर्ण मुलखाचा मुख्य धंदा राजाज्ञेने थांबवण्यात आला. त्या मुलखातील लोकांना याबाबत कोणी विचारले नाही आणि विचारण्यासाठी त्यांची कोणतीही सभा अस्तित्वात नव्हती.

मक्तेदार आणि हिरवा ग्रंथ

१७४० साली खाणी पुन्हा उघडल्या, त्या मक्त्याच्या पद्धतीने. जुआंव फेर्नांदिस द ओलिव्हेरा या मक्तेदाराला जास्तीत जास्त सहाशे गुलाम लावून हिरे काढण्याचा हक्क मिळाला. प्रत्येक गुलामामागे वर्षाला २३० मिल-रेइस त्याने सरकारात भरावयाचे होते. सहाशेची मर्यादा कशासाठी, तर उत्पादन आटोक्यात राहावे यासाठी. परंतु एवढी रक्कम भरून नफा मिळवायचा तर मर्यादा मोडणे मक्तेदाराला भाग होते आणि ती सर्रास मोडली गेली. नियम असा करायचा की तो पाळून धंदा होऊ नये, आणि मग नियमभंगाकडे सोईप्रमाणे काणाडोळा करायचा अथवा त्यासाठी शिक्षा द्यायची, ही राज्यकारभाराची जुनी रीत येथेही दिसते. तिसरा मक्तेदार फेलिस्बेर्तो काल्देइरा ब्रांत याच्यावर सोईचा काळ संपल्यावर हाच प्रसंग आला. तस्करीच्या आरोपावरून त्याला पकडून लिस्बनला नेण्यात आले. १७५३ पासून हिऱ्यांची विक्रीही राजाने आपल्या हाती घेतली.

यानंतर मक्ता पुन्हा पहिल्या मक्तेदाराच्या घराण्याकडे आला आणि त्याच नावाचा त्याचा मुलगा तेझुकोत येऊन राहिला. शिका द सिल्वा या गुलाम म्हणून जन्मलेल्या स्त्रीला त्याने मुक्त केले आणि विवाहावाचून सुमारे दीड दशक तिच्याबरोबर संसार केला. त्यांना तेरा मुले झाली. शिकाच्या वैभवाच्या दंतकथा ब्राझीलमध्ये आजही सांगितल्या जातात. तिच्यावर चित्रपटही निघाला. दंतकथा बाजूला ठेवल्या तरी एक गोष्ट उरते. मुक्त झालेली शिका स्वतः अनेक गुलामांची मालकीण होती. त्या समाजात प्रतिष्ठेचा मार्ग दुसऱ्याच्या गुलामगिरीतूनच जात होता, हे यावरून कळते.

पोर्तुगालचा शक्तिमान मंत्री मार्क्विस द पोम्बाल याने १७७१ साली मक्तापद्धती रद्द केली आणि १७७२ पासून ‘रेआल एक्स्त्रासांव’ म्हणजे सरकारी खाणखाते सुरू झाले. त्यासाठी केलेले नियम हिरव्या चामड्यात बांधलेल्या पुस्तकात ठेवले होते, म्हणून त्या संहितेला ‘हिरव्या बासनाचा ग्रंथ’ असे लोकांनी नाव दिले. तिच्यानुसार परवान्यावाचून जिल्ह्यात कोणी पाऊल ठेवू शकत नव्हते. दुकाने किती असावीत, कोणी कोणता धंदा करावा हे इंतेंदेंत ठरवी. नुसत्या संशयावरून तो माणसाला जिल्ह्याबाहेर घालवू शके. गुप्तपणे चुगली करणाऱ्यास बक्षीस होते. न्याय, कारभार आणि महसूल हे तिन्ही एकाच हाती होते आणि त्या हाताला लिस्बनखेरीज कोणी जाब विचारू शकत नव्हते. मिनास झेराइसच्या गव्हर्नराचाही येथे फारसा अंमल चालत नसे.

दरम्यान तेझुको मात्र वाढत होते. त्याने आपल्या मूळ नगराला, विला दो प्रिन्सिपेला, वस्तीत आणि व्यापारात मागे टाकले. चर्चे, माड्यांची घरे, संगीत, युरोपी कापड, सारे काही होते. खाणखात्याने काढलेल्या चिठ्ठ्या गावात पैशासारख्या चालत आणि ब्राझीलमधील कागदी चलनाच्या इतिहासाची सुरुवात अनेकदा त्यांच्यापासून केली जाते. ज्या गावात कागदी चलन फिरत होते, त्या गावाला आपल्या चौकात एक दगडी खांब रोवण्याची परवानगी मात्र नव्हती. हा योगायोग नव्हे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नगरसभा म्हणजे राजाच्या अधिकाऱ्याखेरीज दुसरा आवाज, आणि हिऱ्यांच्या भूमीत असा दुसरा आवाज दरबाराला परवडणारा नव्हता.

ओढ्यात उभे असलेले लोक

या साऱ्या व्यवस्थेच्या तळाशी आफ्रिकेतून आणलेले व तेथेच जन्मलेले गुलाम होते. सरकारी खात्यात एकेकाळी काही हजार गुलाम राबत. त्यांतील बरेचसे खात्याच्या मालकीचे नसून स्थानिक मालकांकडून भाड्याने घेतलेले असत. इंग्रज खनिजतज्ज्ञ जॉन मॉ याने १८०९ च्या सुमारास हा प्रदेश पाहिला. पाण्याच्या पाटाशी ओळीने वाकून वाळू धुणारे गुलाम आणि समोर उंच बैठकीवर त्यांच्या हातांवर नजर ठेवून बसलेले मुकादम यांचे त्याने वर्णन केले आहे. साडेसतरा कॅरट वजनाचा हिरा सापडलेल्या गुलामाला फुलांचा मुकुट घालून मिरवत नेत आणि मुक्त करीत, असेही त्याने लिहून ठेवले आहे. त्याहून लहान हिरा सापडलेल्यास मुक्ती नव्हती. माणसाच्या स्वातंत्र्याचा इतका काटेकोर भाव फार थोड्या ठिकाणी ठरवला गेला असेल.

जेथे मक्तेदारी कडक, तेथे चोरवाट रुळलेली, हा नियम तेझुकोतही चुकला नाही. डोंगरकपारींत लपून बेकायदा हिरे काढणाऱ्यांना ‘गारिंपेइरो’ हे नाव पडले. आज ब्राझीलमध्ये स्वतंत्रपणे खाणकाम करणाऱ्या प्रत्येक गरिबाला हाच शब्द लावतात. पळालेले गुलाम, निर्धन मुक्त माणसे, त्यांच्याकडून माल घेणारे दुकानदार आणि डोळे मिटणारे पहारेकरी यांची एक साखळीच तयार झाली. १७८९ साली मिनास झेराइसमध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्ध जो कट उघडकीस आला, त्यात तेझुकोचा पाद्री रोलिम होता. त्याचे वडील खाणखात्याचे खजिनदार होते आणि त्याच्या स्वतःच्या नावावर हिऱ्यांच्या तस्करीचा बोलबाला होता. कटवाल्यांच्या बेतांत हिरे जिल्ह्यावरील निर्बंध उठवणे हाही एक मुद्दा होता. कट फसला आणि त्याचा सर्वांत प्रसिद्ध सभासद तिरादेंतिस १७९२ साली फासावर गेला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तेझुकोच्या छळाची जी प्रतिमा रूढ झाली, ती मुख्यतः १८६८ साली पुस्तकरूपाने आलेल्या झोआकिम फेलिसियो दुस सांतुस यांच्या हिरे जिल्ह्याच्या वृत्तांतावरून. ते स्वतः तेथलेच, वकील आणि पत्रकार, आणि राजसत्तेचे कडवे टीकाकार होते. अलीकडच्या संशोधकांनी, विशेषतः जुनिया फुर्तादो यांनी, मूळ दप्तर तपासून या चित्रात दुरुस्ती केली आहे. जिल्ह्याच्या सीमा कागदावर होत्या तितक्या बंद नव्हत्या. खाणखात्यातील जागा, गुलामांचे भाडे, धान्याचा पुरवठा यांतून गावातील प्रतिष्ठित घराणी चांगली गबर झाली होती. खजिनदाराचाच मुलगा तस्कर आणि कटवाला निघावा, यावरून राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यातील रेषा किती पुसट होती हे दिसते. हे सारे मान्य केले पाहिजे. परंतु त्यामुळे मूळ मुद्दा दुबळा होत नाही, उलट अधिक स्पष्ट होतो. जेथे गाऱ्हाणे मांडण्याची उघड जागा नसते, तेथे माणसे वशिल्याने, नात्याने आणि लाचेने आपले काम साधतात. गबरांना तो मार्ग परवडतो. इतरांसाठी तेझुकोत धार्मिक बंधुमंडळे उरली. रोझारी मातेच्या नावाने कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या मंडळासारख्या संस्था सभासदांना अंत्यविधी, मदत आणि थोडा मान देत. पण बंधुमंडळ कर बसवू शकत नाही आणि इंतेंदेंताला जाबही विचारू शकत नाही.

उशिरा आलेली सनद

१८०२ साली पोर्तुगालने अॅमस्टरडॅमच्या होप पेढीकडून काढलेल्या कर्जाला ब्राझीलच्या हिऱ्यांचे तारण होते. म्हणजे तेझुकोच्या ओढ्यांतील खडे युरोपातील सावकाराकडे गहाण पडले होते. १८२२ साली ब्राझील स्वतंत्र झाला, तरी तेझुको लगेच मोकळे झाले नाही. अखेर १८३१ साली त्याला विलाचा दर्जा मिळाला. १८३०च्या दशकात जुनी खाणव्यवस्था मोडीत निघाली आणि १८३८ साली शहराचा दर्जा मिळून तेझुकोचे दियामांतिना झाले. हिरे सापडल्याचे जाहीर झाल्यानंतर १०२ वर्षांनी त्या गावाला नगरसभा लाभली.

पण ती कोणती नगरसभा? १ ऑक्टोबर १८२८ च्या कायद्याने ब्राझीलमधील सर्व कामारांचे न्यायाचे अधिकार काढून घेऊन त्यांना केवळ कारभारी मंडळे बनवले होते, आणि १८३४ नंतर त्या प्रांतिक विधिमंडळांच्या मुठीत गेल्या. दियामांतिनाच्या हाती सनद आली तेव्हा तिच्यातील सत्त्व बरेचसे निघून गेलेले होते. पुढे १८६७ पासून दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडू लागले आणि काही वर्षांतच ब्राझीलच्या हिऱ्यांचे बाजारातील स्थान गेले. गोवळकोंड्याचे जे तेझुकोने केले, तेच आफ्रिकेने तेझुकोचे केले. गावाने मग इतर धंदे शोधले. बिशपांच्या पुढाकाराने १८७०च्या दशकात बिरिबिरी येथे कापडगिरणी निघाली, १९१४ साली आगगाडी आली. १८९०च्या दशकातील तेथील ओढगस्तीचे, पण हसतमुख जीवन हेलेना मॉर्ले या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या एका शाळकरी मुलीच्या रोजनिशीत वाचावयास मिळते. १९०२ साली याच गावात एका शाळाशिक्षिकेच्या पोटी जन्मलेले झुसेलिनो कुबिचेक पुढे देशाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ब्राझिलिया ही नवी राजधानी वसवली. जुने दियामांतिना १९९९ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. गावाच्या गल्ल्या आणि माड्या बदलल्याविना उरल्या, त्यात दारिद्र्याचाही वाटा आहे, कारण पाडून नवे बांधायला पैसा नव्हता.

१९८८ च्या ब्राझीलच्या राज्यघटनेने नगरपालिकांना संघराज्याचे स्वतंत्र घटक मानले. केंद्र आणि राज्ये यांच्या जोडीला तिसरा घटक म्हणून नगरपालिकेचा घटनेच्या पहिल्याच कलमात उल्लेख व्हावा, ही जगात विरळा आढळणारी गोष्ट आहे. तेझुकोसारख्या गावांच्या इतिहासाचा ओघ लक्षात घेतला म्हणजे या कलमाचे मोल कळते. अर्थात घटनेतील शब्दाने तिजोरी भरत नाही. लहान नगरपालिकांचा बहुतांश खर्च आजही वरून येणाऱ्या वाट्यावर चालतो, आणि जो वरून पैसा देतो तो वरून हुकूमही देऊ पाहतो.

तेझुकोच्या कहाणीतून संपत्तीचा द्वेष करायला शिकण्याचे कारण नाही. हिरे नसते तर ते गाव वसले तरी असते का, हा प्रश्न आहेच. पण भूमीतील ठेव आणि भूमीवरील माणूस यांपैकी राज्यकर्त्याची नजर कशावर खिळलेली आहे, यावर त्या गावाचे नागरिकत्व ठरते, एवढे मात्र या शतकभराच्या प्रतीक्षेतून निश्चित कळते. लिस्बनच्या दरबाराने तेझुकोतील प्रत्येक खड्याचे वजन लिहून ठेवले होते. माणसांची नोंद त्याने केली ती डोईपट्टीपुरती आणि परवान्यापुरती. जेथे खाण निघते, धरण होते किंवा कारखाना येतो, तेथे तेथील रहिवाशांची सभा आधी भरते की नंतर, हा प्रश्न म्हणूनच तपशिलाचा नव्हे. तेझुकोत ती नंतर भरली, आणि तोवर ठरवण्यासारखे फारसे काही उरले नव्हते.